डीएमए_अलॉक_कोहेरंट: एका घोषणेचे पंक्तिशः भाष्य

मूळ पाठ

व्हॉइड *
डीएमए_अलॉक_कोहेरंट(
स्ट्रक्ट डिव्हाइस *डेव्ह,
साइझ_टी साइझ,
डीएमए_ॲडर_टी *डीएमए_हँडल,
जीएफपी_टी जीएफपी)

व्हॉइड डीएमए_फ्री_कोहेरंट(स्ट्रक्ट डिव्हाइस *डेव्ह, साइझ_टी साइझ, व्हॉइड *सीपीयू_ॲडर, डीएमए_ॲडर_टी डीएमए_हँडल)

प्रस्ताव

नेटवर्क कार्ड, डिस्क कंट्रोलर, साउंड कार्ड ही उपकरणे प्रोसेसरला मध्ये न घेता थेट मेमरीत लिहितात आणि तिथूनच वाचतात. या व्यवहाराला डीएमए म्हणतात. त्यासाठी लागणारी मेमरी ड्रायव्हर कर्नलकडे मागतो. लिनक्समध्ये ती मागण्याची सगळ्यांत रुळलेली वाट म्हणजे वरचे पहिले फंक्शन, आणि परत करण्याची वाट म्हणजे दुसरे. सी भाषेतल्या मूळ ओळी इथे देवनागरीत उतरवल्या आहेत. त्यांची तोड भाष्याच्या सोयीने केली आहे.

मॅलॉकची सवय असलेल्याला ही चार आर्ग्युमेंट्स जड वाटतात. किती बाइट हवेत ते सांगावे, पत्ता घ्यावा, एवढ्यावर का भागत नाही? भागत नाही, कारण ही मेमरी दोघे जण वापरणार असतात. प्रोसेसरला ती एका पत्त्यावर दिसते, उपकरणाला दुसऱ्या. प्रोसेसरची पोच सगळ्या मेमरीपर्यंत असते, उपकरणाची असेलच असे नाही. शिवाय प्रोसेसर आपल्या कॅशमधून वाचतो आणि उपकरणाला ती कॅश दिसेलच असे नाही. या तिन्ही गोष्टी एका मशीनवर एक असतात आणि दुसऱ्यावर दुसऱ्याच. ड्रायव्हर मात्र एकच लिहायचा असतो.

या घोषणेचे मोल माझ्या मते एका गोष्टीत आहे. ड्रायव्हर लिहिणाऱ्याला जे ठाऊक असते तेवढेच ती बहुतांशी विचारते, आणि जे त्याला ठाऊक असणे शक्यच नाही ते स्वतःच्या अंगावर घेते. जिथे हा नेम पाळलेला नाही तिथे ड्रायव्हरांत त्याच त्या चुका वर्षानुवर्षे सापडत राहिल्या आहेत. पुढचे भाष्य हा नेम हाताशी धरूनच केले आहे.

पंक्ती १: व्हॉइड *

फंक्शन परत काय देते, तर प्रोसेसरने वापरायचा पॉइंटर. उपकरणाचा पत्ता पाचव्या पंक्तीतल्या आर्ग्युमेंटमधून येतो.

शंका अशी: मेमरी उपकरणासाठी मागितली, मग मुख्य उत्तर म्हणून उपकरणाचा पत्ता का मिळू नये? समाधान असे: अपयश कळवायला एखादी राखीव किंमत लागते. प्रोसेसरच्या पॉइंटरसाठी ती आधीपासून ठरलेली आहे, नल. उपकरणाच्या पत्त्यासाठी शून्य ही किंमत राखीव ठेवता येत नाही. काही मशीनांवर शून्य हा उपकरणाच्या दृष्टीने खराखुरा, वापरण्याजोगा पत्ता असतो. म्हणून तपासता येण्यासारखी गोष्ट परतीच्या जागी ठेवली आणि न तपासता येण्यासारखी बाजूला.

हा निर्णय किती शहाणपणाचा होता ते शेजारच्या फंक्शनकडे पाहिले की कळते. आधीच हाताशी असलेला बफर उपकरणाला दाखवण्यासाठी डीएमए_मॅप_सिंगल आहे. ते थेट उपकरणाचा पत्ता परत देते. तो पत्ता खरा की अपयशाची खूण, हे नुसते पाहून सांगता येत नाही. त्यासाठी डीएमए_मॅपिंग_एरर हे वेगळे फंक्शन बोलवावे लागते. ते बोलवायचे राहून जाणे ही ड्रायव्हरांतली इतकी नेहमीची चूक होती की कर्नलच्या डीएमए-तपासणी सोयीत ती पकडण्याची खास व्यवस्था करावी लागली. नल तपासायला सी लिहिणाऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. वेगळे फंक्शन बोलवायला प्रत्येकाला शिकवावे लागते आणि पुन्हा आठवण द्यावी लागते.

याच पंक्तीत आणखी एक मुद्दा दडला आहे, तो मेमरीच्या आतल्या मजकुराचा. मिळालेली मेमरी शून्याने भरलेली असते की तिच्यात आधीच्या कुणाचा तरी मजकूर असतो? कितीतरी वर्षे उत्तर 'मशीनवर अवलंबून' असे होते. शून्य हवेच असेल तर डीएमए_झालॉक_कोहेरंट हे दुसरे नाव वापरायचे. पण अशी मेमरी पुष्कळदा एममॅप करून वापरकर्त्याच्या प्रोग्रामलाही दाखवली जाते, आणि पुसलेली नसेल तर कर्नलचा जुना मजकूर त्याच्या हाती लागतो. कित्येक आर्किटेक्चर ती आपणहून पुसतच होती. अखेर ५.० आवृत्तीच्या वेळी, म्हणजे २०१८ च्या शेवटी आणि २०१९ च्या सुरुवातीला, मूळ फंक्शनने नेहमीच शून्य भरून द्यायचे असे ठरले आणि झालॉक हे नाव कर्नलमधून काढून टाकले. शून्य हवे का, हा प्रश्न ड्रायव्हरला विचारण्याचे कारणच नव्हते. सुरक्षित उत्तर एकच होते, आणि ते द्यायला इंटरफेसला परवानगी लागत नाही.

पंक्ती २: डीएमए_अलॉक_कोहेरंट(

नावात वचन दिले आहे. प्रोसेसरने इथे लिहिलेले उपकरणाला दिसेल, उपकरणाने लिहिलेले प्रोसेसरला दिसेल, आणि मध्ये कॅश साफ करायची आज्ञा ड्रायव्हरने द्यायची नाही. एक्स८६ मशीनांवर हे काम हार्डवेअरच करते, त्यामुळे वचन फुकट पाळले जाते. कितीतरी आर्म चिपांवर तसे नसते. तिथे कर्नल ती पाने कॅशशिवाय मॅप करून देतो, म्हणजे प्रोसेसरचे प्रत्येक वाचन सावकाश होते. म्हणून या मेमरीत डिस्क्रिप्टरच्या (म्हणजे कोणता बफर वापरायचा ते उपकरणाला सांगणाऱ्या नोंदींच्या) रिंगसारख्या छोट्या, सतत दोघांच्या हातात असणाऱ्या गोष्टी ठेवाव्यात आणि पॅकेटांचा मोठा मजकूर साध्या मेमरीत ठेवून वर सांगितलेल्या मॅप फंक्शनने दाखवावा, अशी रीत आहे.

वचनाची मर्यादा नीट समजून घेतली पाहिजे. दिसेल असे म्हटले आहे. कोणत्या क्रमाने दिसेल, हे म्हटलेले नाही. इंटेलच्या जुन्या गिगाबिट कार्डांचे उदाहरण घेऊ, ज्यांचा ड्रायव्हर ई१००० या नावाने कर्नलमध्ये आहे. त्याचा रिसीव्ह डिस्क्रिप्टर १६ बाइटांचा असतो: पहिले ८ बाइट बफरचा पत्ता, मग लांबी, चेकसम, स्टेटस, चुका आणि एक विशेष खाना. पॅकेट आले की कार्ड हे खाने भरते आणि स्टेटसच्या बाइटमध्ये 'झाले' अशी खूण करते. प्रोसेसरने खूण पाहिली, पण लांबीचा खाना मात्र त्याआधीच वाचून ठेवला असेल, तर हाती जुनी लांबी लागते. प्रोसेसर वाचने पुढेमागे करतो. मेमरी कोहेरंट असल्याने ते थांबत नाही. म्हणून ड्रायव्हर खूण तपासल्यानंतर आणि बाकीचे खाने वाचण्याआधी डीएमए_आरएमबी हा अडसर टाकतो. उलट दिशेने डिस्क्रिप्टर भरून कार्डाच्या हवाली करताना लेखनाचा अडसर लागतो. एक्स८६ वर अडसर विसरला तरी बहुधा निभावते, आणि म्हणूनच ही चूक डेस्कटॉपवरच्या चाचणीत सापडत नाही.

दुसरी मर्यादा: नावात 'सलग' असा शब्द नाही. मेमरी उपकरणाला सलग दिसेल आणि प्रोसेसरलाही सलग दिसेल, पण खाली भौतिक पाने विखुरलेली असू शकतात, कारण मध्ये आयओएमएमयू बसलेले असेल तर ते विखुरलेली पाने उपकरणापुढे ओळीने मांडून दाखवते. हे न ओळखता काही ड्रायव्हर परत मिळालेल्या पॉइंटरवरून भौतिक पान शोधायला गेले आणि मशीन बदलताच तोंडघशी पडले. पॉइंटरवरून खाली उतरायची मुभा या वचनात नाही.

पंक्ती ३: स्ट्रक्ट डिव्हाइस *डेव्ह,

सगळ्या घोषणेचा प्राण या पंक्तीत आहे, म्हणून इथे जरा सविस्तर.

मेमरी कुणासाठी हवी ते पहिल्यांदा सांगायचे. हे आज सहज वाटते. पूर्वी तसे नव्हते. मूळ दुखणे पर्सनल कॉम्प्युटरच्या जन्मापासूनचे आहे. १९८१ च्या आयबीएम पीसीत इंटेलची ८२३७ ही डीएमए चिप होती. ती १६ बिटांचाच पत्ता मोजत असे, म्हणजे ६४ केबी. वरचे बिट एका वेगळ्या पेज रजिस्टरमधून यायचे, आणि मोजणी ६४ केबीच्या सीमेवर आली की पत्ता पुढे सरकण्याऐवजी मागे गुंडाळला जायचा. १९८४ च्या एटी मशीनमध्ये पत्त्याची रुंदी २४ बिटांवर गेली, म्हणजे १६ एमबी. लिनक्समध्ये 'डीएमएसाठी मेमरी' म्हणून जो झोन निघाला तो याच १६ एमबीचा. त्यातून मागायचे तर केमॅलॉकला जीएफपी_डीएमए असा फ्लॅग द्यायचा.

त्या फ्लॅगचे बिंग पुढे फुटले. त्याचा खरा अर्थ 'जुन्या आयसा बसला पोचेल अशी मेमरी' एवढाच होता, पण उपकरणे निरनिराळी आली. पीसीआयची बहुतेक कार्डे ३२ बिट पत्ता जाणत. ब्रॉडकॉमच्या काही वायफाय चिपा ३० बिटच जाणत, म्हणजे १ जीबी. रास्पबेरी पाय ४ मध्येही काही उपकरणांची पोच पहिल्या १ जीबीपुरतीच होती, आणि त्यासाठी ६४ बिट आर्मच्या कर्नलमध्ये निराळा झोन आणावा लागला. 'डीएमए-योग्य' नावाचा मेमरीचा एकच प्रकार जगात नाही. योग्य आहे की नाही हे उपकरण पाहूनच ठरते, आणि म्हणून प्रश्न 'कोणती मेमरी?' असा न विचारता 'कोणासाठी?' असा विचारावा लागतो.

ही पायरी दोन टप्प्यांत गाठली गेली. आधी पीसीआय_अलॉक_कन्सिस्टंट आले. ते फक्त पीसीआय उपकरणासाठी होते. यूएसबी, चिपच्या आतली उपकरणे आणि इतर बस त्यात बसेनात. मग २.६ च्या आधीच्या विकासमालिकेत जेम्स बॉटमली यांनी बस-निरपेक्ष डीएमए इंटरफेस मांडला आणि पीसीआय उपकरणाच्या जागी सर्वसाधारण डिव्हाइस आले. जुनी नावे नव्यांना गुंडाळणारे पातळ आवरण म्हणून तशीच राहिली, आणि ते आवरण कर्नलमधून निघाले २०२२ मध्ये. इंटरफेस बदलणे म्हणजे एक हेडर बदलणे नव्हे, शेकडो ड्रायव्हरांच्या वाटा एकेक करून वळवणे आहे, हे त्या जवळजवळ दोन दशकांवरून लक्षात यावे.

डिव्हाइसमध्ये काय काय येते? त्याची पोच सांगणारा मास्क, त्याच्या वाटेत आयओएमएमयू आहे का, ते कॅशशी जुळवून घेते का, ते कोणत्या न्यूमा नोडजवळ आहे. यातले ड्रायव्हरला फक्त पहिले ठाऊक असते, कारण ते चिपच्या डेटाशीटमध्ये छापलेले असते. ड्रायव्हर सुरुवातीलाच डीएमए_सेट_मास्क_अँड_कोहेरंट बोलवून ते सांगतो. बाकीचे फर्मवेअर आणि बसचा कोड भरतात. कामाची ही वाटणी मला आदर्श वाटते.

पण एक गाठ आहे. मास्क दोन आहेत, एक मॅपिंगचा आणि एक कोहेरंट मेमरीचा, आणि दोन्ही मुळात ३२ बिट धरलेले असतात. पुष्कळ ड्रायव्हर पहिला बदलून दुसरा विसरत. २०१३ मध्ये रसेल किंग यांनी दोन्ही एकदम लावणारे फंक्शन आणले, तेव्हा कुठे हा गोंधळ निवळला. ज्या दोन गोष्टी जवळजवळ नेहमी सारख्याच असतात त्या दोनदा विचारल्या की एकदा तरी विसर पडणारच.

नल डिव्हाइसची कथा छोटी आहे. जुन्या आयसा ड्रायव्हरांकडे द्यायला डिव्हाइसच नसे, म्हणून नल चालवून घेतले जाई आणि कर्नल १६ एमबीचा अंदाज बांधे. २०१९ मध्ये क्रिस्टोफ हेलविग यांनी ती सूट बंद केली. 'कोणासाठी?' या प्रश्नाला 'कोणासाठीच नाही' हे उत्तर चालवले तर पंक्तीचा अर्थच उरत नाही.

नेटबीएसडीने हाच प्रश्न निराळ्या रीतीने सोडवला. जेसन थॉर्प यांनी १९९८ च्या युझनिक्स परिषदेत त्यांची बस_डीएमए रचना मांडली. तिथे मेमरी घेणे, ती कर्नलच्या पत्त्यांत मॅप करणे, डीएमए मॅप तयार करणे आणि तो मेमरीवर चढवणे या चार वेगळ्या पायऱ्या आहेत, आणि सगळ्यांना बसचा एक टॅग दिला जातो. रचना लिनक्सपेक्षा नेटकी आहे. प्रत्येक पायरी काय करते ते स्पष्ट दिसते. मात्र साध्या रिंगसाठी चार फंक्शने आणि चारांची परतफेड लिहावी लागते, आणि अर्ध्यावर अपयश आले तर मागे फिरायच्या वाटाही चार. लिनक्सने चारांचे एक केले. रोजच्या ड्रायव्हरसाठी मला लिनक्सची निवड पटते. सखोल विचार पाहायचा तर थॉर्प यांची रचना आधी वाचावी.

पंक्ती ४: साइझ_टी साइझ,

किती हवी ते. इथे न विचारलेली गोष्ट विचारलेल्यापेक्षा मोठी आहे: पत्ता किती बाइटांच्या पटीत हवा आणि कोणती सीमा ओलांडायची नाही. नेटबीएसडी या दोन्ही गोष्टी आर्ग्युमेंट म्हणून विचारते. लिनक्स विचारत नाही. त्याऐवजी कागदोपत्री एक हमी देते. दोन्ही पत्ते मागितलेल्या आकाराला पुरेशा, पेजच्या दोनाच्या घातातल्या पटीत असतील. म्हणजे ६४ केबी किंवा त्याहून कमी मागितले तर तुकडा ६४ केबीची सीमा ओलांडणार नाही. १९८१ च्या त्या चिपची सीमा अशी आजच्या हमीत जपली गेली आहे.

हमी घोषणेत न लिहिता दस्तऐवजात लिहिली की काय होते, हे ई१००० च्या कोडमध्ये जवळून पाहता येते. ८२५४५ आणि ८२५४६ या चिपांत एक दोष आहे: डीएमएचा तुकडा ६४ केबीची सीमा ओलांडता कामा नये. ड्रायव्हर रिंगसाठी मेमरी घेतो आणि मग ई१०००_चेक_६४के_बाउंड हे फंक्शन बोलवतो. ते पहिल्या आणि शेवटच्या बाइटच्या पत्त्यांची एक्सॉर करून १६ बिट उजवीकडे सरकवते; उत्तर शून्य आले तर तुकडा सीमेच्या आत आहे. न आले तर ड्रायव्हर पहिला तुकडा हातात धरून ठेवतो, म्हणजे तोच पुन्हा गळ्यात पडू नये, दुसरा मागतो, तो तपासतो आणि मग पहिला सोडतो. काळजीपूर्वक लिहिलेला कोड आहे. पण या चिपांवर रिंगमध्ये जास्तीत जास्त ४०९६ डिस्क्रिप्टर असतात आणि प्रत्येक १६ बाइटांचा, म्हणजे नेमके ६४ केबी. वरची हमी खरी धरली तर ही सगळी खटपट कधी चालूच होणार नाही.

त्याहून लक्ष देण्याजोगे म्हणजे तपासणी प्रोसेसरच्या पॉइंटरवर केली आहे. सीमा ओलांडायची की नाही हे उपकरणाला दिसणाऱ्या पत्त्यावरून ठरते, आणि तो पत्ता त्याच वेळी शेजारच्या चलात तयार असतो. प्रोसेसरचा पत्ता तपासून उपकरणाच्या पत्त्याबद्दल काही सांगता येते ते केवळ दोन्ही सारख्याच पटीत असल्यामुळे, आणि ती गोष्ट फक्त हमी देते. म्हणजे तपासणीला अर्थ येतो तो हमी गृहीत धरली तरच, आणि हमी गृहीत धरली तर तपासणीची गरज नाही. यात लिहिणाऱ्याचा दोष मी धरत नाही. सीमेचे बंधन सांगायला घोषणेत जागा असती तर त्याने ते तिथेच सांगितले असते. हे बंधन ड्रायव्हरला डेटाशीटमधून पक्के ठाऊक असते. तेव्हा या पंक्तीत इंटरफेसने विचारायला हवे होते ते विचारलेले नाही, असे माझे मत आहे.

याच हमीची दुसरी बाजू म्हणजे ६४ बाइट मागितले तरी बहुधा एक पूर्ण पेज खर्ची पडते. यूएसबी कंट्रोलरला अशी शेकडो छोटी डिस्क्रिप्टरे लागतात. त्यासाठी डीएमए पूल आहे. डेव्हिड ब्राउनेल यांनी २००१ मध्ये लिहिलेला हा कोड २००७ मध्ये मॅथ्यू विल्कॉक्स यांनी नव्याने घडवला. पूल तयार करताना तुकड्याचा आकार, पट आणि न ओलांडायची सीमा अशी तिन्ही विचारली जातात. मोठ्या फंक्शनमध्ये जे विचारायचे राहिले ते छोट्यात विचारले आहे, आणि हा फरक कुणी जाणूनबुजून ठरवला असेल असे मला वाटत नाही.

उलट टोकाला मोठे आकार आहेत. कॅमेऱ्याला किंवा व्हिडिओ डिकोडरला कित्येक एमबी सलग लागतात, आणि मशीन काही दिवस चालले की इतकी सलग मेमरी उरत नाही. २०१२ मध्ये ३.५ आवृत्तीत आलेला सीएमए त्यासाठी आहे: राखीव पट्टा एरवी हलवता येणाऱ्या पानांना वापरू द्यायचा आणि गरज पडली की ती पाने हलवून पट्टा मोकळा करायचा. ड्रायव्हरच्या बाजूने काहीच बदलले नाही. तेच फंक्शन, तोच आकार. इंटरफेसने जे अंगावर घेतले होते ते त्याला नव्या रीतीने पार पाडता आले, कारण ड्रायव्हरला ते कधी सांगितलेलेच नव्हते.

पंक्ती ५: डीएमए_ॲडर_टी *डीएमए_हँडल,

उपकरणाचा पत्ता इथे मिळतो. ई१००० सारख्या कार्डात ड्रायव्हर तो घेऊन त्याचे खालचे ३२ बिट एका रजिस्टरमध्ये आणि वरचे ३२ दुसऱ्यात लिहितो. त्यापलीकडे त्याने या किमतीत डोकावू नये.

एकेकाळी कर्नलमध्ये व्हर्ट_टू_बस होते: पॉइंटर द्या, बसचा पत्ता घ्या. गणित साधे होते, आणि साधेच राहील असे धरले होते. मग अल्फा आणि स्पार्कची मशीने आली, जिथे मध्ये पत्ते बदलणारे हार्डवेअर होते आणि एकाच पॉइंटरचा पत्ता दोन बसवर दोन असू शकत होता. आजही साध्या मशीनांवर हा सापळा आहे. आयओएमएमयू बंद असलेल्या डेस्कटॉपवर भौतिक पत्ता आणि उपकरणाचा पत्ता एकच असतो, त्यामुळे चुकीचा पत्ता दिलेला ड्रायव्हरही चालतो. रास्पबेरी पाय २ वर तीच मेमरी उपकरणाला ३ जीबीने पुढे सरकलेली दिसते. तिथे तो लगेच पडतो.

या पंक्तीचा कच्चा दुवा प्रकारात आहे. डीएमए_ॲडर_टी हा नुसता पूर्णांक आहे, मशीनप्रमाणे ३२ किंवा ६४ बिटांचा. भौतिक पत्ताही पूर्णांकच. एकाच्या जागी दुसरा दिला तर कंपायलर चकार शब्द काढत नाही. सहाव्या पंक्तीतल्या जीएफपी_टी ला मात्र स्पार्स या तपासणी साधनाने ओळखावी अशी खास खूण लावलेली आहे. जिथे गफलत झाली तर मेमरी नासते तो प्रकार मोकळा, आणि जिथे झाली तर फार तर इशारा येतो तो बंदिस्त. हे उलटे असायला हवे होते.

पंक्ती ६: जीएफपी_टी जीएफपी)

जुन्या पीसीआय_अलॉक_कन्सिस्टंटमध्ये हे आर्ग्युमेंट नव्हते. ते कायम जीएफपी_ॲटॉमिक धरून चाले, म्हणजे वाट न पाहता मिळेल तेवढ्यातच भागवायचे. बहुतेक ड्रायव्हर रिंगची मेमरी सुरू होतानाच घेतात. त्या वेळी थांबायला भरपूर मुभा असते, तरी आणीबाणीच्या राखीव साठ्यावर विनाकारण हात पडे आणि मागणी नाहक फसे. नव्या घोषणेत थांबायची तयारी आहे की नाही ते ड्रायव्हर सांगतो. लॉक धरला आहे का, इंटरप्टमध्ये आहोत का, हे त्यालाच ठाऊक असते, म्हणून प्रश्न रास्त आहे.

पण 'थांबू शकतोस का?' एवढेच विचारायचे होते, आणि त्यासाठी वीसेक फ्लॅग असलेला पूर्ण प्रकार पुढे केला. ड्रायव्हर त्यातून झोनही सांगू लागले. तिसऱ्या पंक्तीत उपकरणाचा मास्क दिल्यावर सहाव्या पंक्तीत झोन सांगणे म्हणजे एकाच प्रश्नाची दोन उत्तरे, तीही कधी परस्परविरोधी. आजचे फंक्शन आत शिरताच जीएफपी_डीएमए, डीएमए३२ आणि हायमेम हे तिन्ही फ्लॅग पुसून टाकते. कंपाउंड पानांचा फ्लॅगही २०२२ च्या अखेरीपासून नाकारला जातो. मागच्या दाराने येणारे एकेक उत्तर असे बंद करत जावे लागते. सुरुवातीलाच दार अरुंद ठेवले असते तर ही डागडुजी टळली असती.

पंक्ती ७: व्हॉइड डीएमए_फ्री_कोहेरंट(डेव्ह, साइझ, सीपीयू_ॲडर, डीएमए_हँडल)

मेमरी परत करताना चारही गोष्टी जशाच्या तशा परत सांगाव्या लागतात. केफ्रीला एक पॉइंटर पुरतो. इथे आकारही आठवावा लागतो आणि दोन्ही पत्तेही. कर्नलला हे सगळे कुठेतरी नोंदून ठेवता आले असते, पण प्रत्येक तुकड्यामागे नोंद आणि शोध यांचा भार पडला असता, म्हणून लक्षात ठेवायचे काम ड्रायव्हरवर टाकले. माझ्या मते पूर्ण घोषणेतली ही सगळ्यांत दुबळी पंक्ती आहे. मागताना रिंगचा आकार ४०९६ बाइटांच्या पुढच्या पटीपर्यंत वाढवला आणि सोडताना मूळ आकार दिला, अशी विसंगती तपासणी सोय चालू केल्याशिवाय उघडी पडत नाही.

उपाय बाहेरून आले. २००७ मध्ये तेजुन हिओ यांच्या डेव्हरेसबरोबर (ड्रायव्हरने घेतलेली साधने उपकरणाशी बांधून ठेवणारी व्यवस्था) डीएमएएम_अलॉक_कोहेरंट आले. त्याने घेतलेली मेमरी ड्रायव्हर उपकरणापासून सुटला की आपोआप परत जाते. २०२५ मध्ये कर्नलच्या रस्ट भागात कोहेरंटॲलोकेशन हा प्रकार आला, ज्याला घटकाचा प्रकार आणि संख्या सांगायची. आकार, दोन्ही पत्ते आणि उपकरण तो स्वतः धरून ठेवतो आणि त्याचा काळ संपला की स्वतः परत करतो. सातव्या पंक्तीतली चारही आर्ग्युमेंट्स तिथे लिहावीच लागत नाहीत.

एक अट मात्र घोषणेत कुठेच दिसत नाही: मागताना इंटरप्ट बंद असले तरी योग्य फ्लॅग देऊन चालते, परत करताना ते चालूच असावे लागतात. कारण परत करताना कर्नलला काही मशीनांवर मॅपिंग मोडावे लागते, आणि ते काम इंटरप्ट बंद असताना करता येत नाही. दोन्ही बाजूंचे नियम सारखे असतील असे धरून लिहिलेला ड्रायव्हर इथे अडखळतो.

आणि उपकरण थांबले आहे का, हे कोणतीच पंक्ती विचारत नाही. मेमरी परत केली, पण कार्डाच्या रजिस्टरमध्ये रिंगचा पत्ता तसाच असेल आणि रिसीव्ह चालू असेल, तर पुढचे पॅकेट त्या पानावर लिहिले जाईल, जे आता कदाचित एखाद्या फाइलच्या मजकुराला दिलेले असेल. आयओएमएमयू असले तर ते लेखन अडते आणि लॉगमध्ये फॉल्ट दिसतो. नसले तर काहीच दिसत नाही. डेव्हरेस आणि रस्ट मेमरी वेळेवर परत करतात, पण कार्ड थांबवण्याचे रजिस्टर कोणते ते त्यांना कळण्याचा मार्ग नाही. ते डेटाशीट वाचलेल्या ड्रायव्हरलाच ठाऊक, म्हणून त्याच्या रिमूव्ह फंक्शनमध्ये आधी उपकरण थांबवणे आणि मगच मेमरी सोडणे हा क्रम त्यानेच पाळायचा. कर्नल कोसळल्यावर मात्र कुणाचेच रिमूव्ह चालत नाही आणि उपकरणे लिहीतच राहतात. कोसळलेल्या कर्नलची मेमरी टिपून ठेवणाऱ्या केडम्पचा दुसरा कर्नल पहिल्याच्या मेमरीत न उतरता बूट होतानाच बाजूला काढून ठेवलेल्या राखीव पट्ट्यात चालवतात, तो त्यासाठीच.